खोचमधला खो

मार्च लागला की माझं लक्ष आमच्या गॅरेजच्या दाराकडे जातं. एरवी वर्षभर ते दार मी रोज उघडते, मिटते आणि बघत नाही. मार्चमध्ये बर्फ वितळून ड्राइव्हवेच्या कडेला काळी ढेकळं उरतात, गेल्या वर्षीच्या पानांचा कुजका वास हवेत असतो, आणि सकाळचं तिरपं ऊन दारावर पडलं की त्यावरचे खड्डे उठून दिसतात. सगळे एका मापाचे, लिंबाएवढे. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखं ते दार दिसतं. घराला रंग द्यायचं निघालं की हे म्हणतात, "आधी हे दार बदलू." मी म्हणते, दाराबरोबर मलाही बदला. रंगाचा विषय पुढच्या वर्षावर जातो.

ते खड्डे निरंजनचे. आमचा एकुलता एक. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, आणि आठवीत असताना एक दिवस हातात जाळीची काठी घेऊन घरी आला. माझी आई तेव्हा सांगलीहून आली होती. ती म्हणाली, "फुलपाखरं धरायला शिकवतात का रे तुमच्या शाळेत?" लॅक्रॉस म्हणजे काय हे मलाही त्या दिवशीच कळलं. काठीच्या टोकाला जाळीची झोळी, झोळीत टणक रबरी चेंडू. तो झुलवत पळायचं आणि समोरच्या गोलात मारायचा. वाटेत कोणी आलं तर त्याला खांद्यानं उडवायचं. सरावाला भिंत हवी, आणि आमच्याकडे गॅरेजचं दार होतं. धप्, धप्, धप्. मी त्या तालावर कणीक मळत असे.

पोरगं चांगलं निघालं. त्या खेळाच्या जोरावर कॉलेजात गेलं आणि २००१ च्या उन्हाळ्यात एका व्यावसायिक संघात खेळायला लागलं. व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगला येतो. निरू आठवडाभर विम्याच्या ऑफिसात बसायचा आणि शनिवारी बॅग उचलून कुठल्यातरी गावी सामन्याला जायचा. मंडळाच्या हळदीकुंकवाला एक वहिनी मला म्हणाल्या, "निरू काय करतो म्हणालात, लॅक्टोज? म्हणजे दुधाचं काही आहे का?" मी म्हटलं, "हो, घरोघरी रतीब घालतो." ह्यांना असल्या उत्तरांचा संकोच वाटे. ह्यांनी "स्पोर्ट्स मॅनेजमेंट" असा एक वजनदार शब्द शोधून ठेवला होता आणि कोणी विचारलं की तो पुढे करून समोशाकडे वळत.

पाच उन्हाळे तो तसा खेळला. मग उजवा गुडघा बोलायला लागला. बोलायला लागला हे मी उगीच म्हणत नाही. निरू आमचा जिना चढायला लागला की प्रत्येक पायरीला कट् असा आवाज यायचा. मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळायचं की कोण वर चाललंय. दोनदा ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की असाच खेळत राहिलास तर चाळिशीत कठड्याला धरून जिना चढशील. निरू त्यांना "थँक यू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पळायला गेला.

मला दर मार्चला आठवतो तो वसंत २००६ चा. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजचा लॅक्रॉसचा कोच हंगाम तोंडावर आला असताना नोकरी सोडून गेला, आणि त्यांनी घाईघाईनं निरूला एका हंगामापुरतं बोलावलं. त्यानं विम्याचं ऑफिस सोडलं आणि तिथेच एक खोली घेतली. रविवारी जेवायला घरी यायचा, चिखलानं माखलेल्या कपड्यांची बॅग घेऊन. त्याचं काम बघून महिन्याभरातच कॉलेजच्या खेळविभागाच्या बाईंनी त्याला विचारलं, की कायमचा राहशील का? मात्र उन्हाळ्यात कोचनं शाळाशाळांच्या स्पर्धा बघत हिंडायचं असतं, पुढच्या वर्षीची मुलं हेरायची असतात. म्हणजे उन्हाळ्यात स्वतः खेळणं बंद. आणि तिकडे व्यावसायिक संघ मेमध्ये त्याची वाट बघत होता. हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत त्यानं काय ते सांगायचं होतं.

"आई, वन मोअर समर," तो पानावर बसून म्हणाला. "दॅट्स ऑल. नंतर कोचिंग करीन ना."

"ती जागा तोवर थांबेल?"

"प्रॉबेबली नॉट," असं म्हणून त्यानं आमटीत मान घातली.

तो गेल्यावर हे माझ्या मागे लागले. "तू सांग त्याला. तुझं ऐकतो. गुडघा जाईल आणि नोकरीही जाईल, मग बसा."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "त्याच्या खेळात मी खो घालणार नाही."

हा शब्द मी सहजासहजी वापरत नाही हे ह्यांना ठाऊक आहे. आपल्या भाषेत एक खो द्यायचा असतो आणि एक घालायचा. देणारा स्वतः बसतो आणि दुसऱ्याला उठवतो. घालणारा नुसताच दुसऱ्याला बसवतो. मी सांगलीची, आणि लग्नाआधीची माझी प्रत्येक संध्याकाळ खो-खोच्या मैदानावर गेली. राज्याच्या संघात निवड झाली आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. मुलगा न्यू जर्सीचा, त्याची सुट्टी संपायच्या आत सगळं उरकायचं होतं. मला कोणी खो दिला नाही, आणि कोणी घातला असंही म्हणवत नाही. सगळे आनंदातच होते. मला खांद्याला धरून उठवलं आणि थेट विमानात बसवलं.

मी सुखात आहे, उगीच कोणी हळहळू नये. औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काम केलं, घर केलं, मुलगा वाढवला. पण खेळ असा मध्येच सुटलेल्या माणसाची दुसऱ्याला खेळ सोड म्हणायला जीभ रेटत नाही. मी ठरवलं की काही झालं तरी निरूला एक शब्द बोलायचा नाही. ठरवलं की मी ठरवते. माझ्या सासूबाईंनीसुद्धा ते मान्य केलं होतं.

मार्चअखेरीस आम्ही त्यांचा एक सामना बघायला गेलो. टेकडीच्या उतरणीवर मैदान, वर पायऱ्यापायऱ्यांचे पत्र्याचे बाक, आणि असा वारा की थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत गार. मुलं पहिले तीन डाव जीव तोडून खेळली आणि शेवटच्या, चौथ्या डावात एकदम ढेपाळली. पाय उचलेनात. कारण मला वरूनसुद्धा दिसत होतं. ह्या खेळात मधल्या फळीतले खेळाडू खेळ न थांबवता बदलतात. दमलेल्यानं पळत कडेच्या रेषेबाहेर यायचं, तो आला की ताज्या दमाच्यानं आत जायचं. पण दमलेले बाहेर येतच नव्हते. सगळ्यांत नाठाळ त्यांचा कप्तान टायलर. शेवटच्या वर्षाचा, लाल केसांचा, आडदांड मुलगा. निरू घसा फोडून ओरडत होता आणि टायलरला ऐकू येत नव्हतं. म्हणजे येत होतं.

त्या रविवारी निरू जेवायला आला तेव्हा त्याचा आवाज पुरता बसला होता. मी त्याला हळद घातलेलं दूध दिलं.

"दे थिंक कमिंग ऑफ इज लूझिंग," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाहेर येणं म्हणजे हरणं. हाऊ डू आय फिक्स दॅट, आई?"

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "आमच्यात असं चालत नसे. आमच्यात बसल्याशिवाय खेळच नाही."

"मीन्स?"

मग मी गॅस बंद केला. शेंगदाण्यांची ओळ मांडली ओट्यावर, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. सांगितलं, की एकटी पाठलाग करते आणि बाकीच्या ओळीत बसतात. धावणारीला मागे वळायची परवानगी नाही. सावज हातून निसटलं, की बसलेलीच्या पाठीला मागून हात लावायचा, मोठ्यानं खो म्हणायचं, आणि ती उठली की त्याच क्षणी तिच्या जागेवर बसायचं. "उभं राहून बघत बसायचं नाही. खो दिला की बसलीच पाहिजे. आणि खो मिळाला की उठलीच पाहिजे. लाजबीज काही नाही. तोच खेळ."

निरूनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "कॅन यू कम ऑन ट्यूजडे?"

गेले. लॅबमध्ये सुट्टी टाकली, ह्यांची कानटोपी घातली, स्नीकर्सच्या नाड्या दोनदा बांधल्या आणि गेले. मैदानावर ती धिप्पाड मुलं माझ्याभोवती गोळा झाली आणि एकेक जण अदबीनं म्हणाला, "हाय, आई." मी चकित. मुलांना काय संस्कार दिलेत निरूनं! मग लक्षात आलं, की तो मला हाक मारतो ती ऐकून त्यांना ते माझं नावच वाटलं होतं. एकानं तर विचारलं, की आई, तुझं लास्ट नेम काय?

मी त्यांना ओल्या गवतावर ओळीनं बसवलं. बसवलं म्हणजे काय, निम्मे मागे कलंडले. अमेरिकन माणसाला उकिडवं बसता येत नाही. "असं नाही, टाचेवर भार नको. पायाचा पुढचा भाग, एक हात जमिनीला, मान वर. बसलात तरी डोळे धावणाऱ्यावर. यू आर नॉट रेस्टिंग, यू आर रेडी!" मी ओरडत होते. माझा तो आवाज मीच कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

खो म्हणायला शिकवावं लागलं नाही. मला वाटलं होतं जिभा वळणार नाहीत. पण गंमत अशी की ह्या लोकांना शब्दाच्या सुरुवातीला नुसता क म्हणताच येत नाही, त्यांच्या तोंडून ख निघतो. काऊचा खाऊ आणि कॉफीची खॉफी. माझ्या मुलाला ती मुलं हाका मारत त्या "खोच! खोच!" अशाच. सामन्याच्या दिवशी मला ती खोच कानाला खोचली होती. त्या मंगळवारी, चिखलात उभी राहून ऐकताना, मला त्यात एकदम खो ऐकू आला. तो पहिल्यापासून तिथेच होता. मी निरूला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की शिट्टी तोंडातून पडली.

टायलर मात्र बसेना. हात पाठीमागे बांधून म्हणाला, "मॅम, मी ज्याला खो देणार तो माझ्यापेक्षा स्लो असेल तर?"

"असेना."

"बट आय'म बेटर."

"यू आर बेटर अँड फिनिश्ड," मी म्हटलं. "ही इज स्लो अँड फ्रेश. डोन्ट बी स्टुपिड. सिट."

तो बसला. पण बसला तो फतकल मारून, मला दाखवायला.

एप्रिलमध्ये टेकडीवर फोरसिथियाची झुडपं पिवळी झाली आणि मुलांच्या अंगात खो भिनला. सामन्यातसुद्धा बाहेर येणारा दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायचा, "खो!" म्हणायचा आणि रेषेबाहेर तसाच उकिडवा बसून श्वास घ्यायचा. लॅक्रॉसच्या नियमांत ह्यातलं काही नाही. समोरच्या संघाची पोरं बुचकळ्यात पडायची. एकदा पंचानं निरूला बाजूला घेऊन विचारलं, की तुझी मुलं शिव्या देतायत का? निरू म्हणाला, "नो सर, दॅट्स माय मदर्स स्पोर्ट." ते चौथ्या डावात ढेपाळायचे थांबले. जिंकत सगळे सामने होते असं नाही, पण शेवटपर्यंत पळत होते. फक्त टायलर अजून स्वतःहून बाहेर यायचा नाही. त्याला बोलवावं लागायचं.

आणि आणखी एक जण.

एका रविवारी निरू येऊ शकला नाही म्हणून मीच बटाटेवडे घेऊन गेले. मुलं आपसात सामना खेळत होती. एक खेळाडू कमी पडला म्हणून निरू स्वतः काठी घेऊन उतरला होता. काय सांगू, किती सुंदर खेळायचा तो. चेंडू झोळीत असा राहायचा की जणू तो तिथेच जन्मला. मी बाकावर बसून बघत होते आणि माझे पाय आपोआप हलत होते. थोड्या वेळानं तो दमलेला दिसला. उजवा पाय जपून टाकायला लागला. रेषेबाहेर टायलर उभा होता. त्यानं हाक मारली, "खोच! खो!"

निरू पळत राहिला.

"खोच! खो!" आता सगळेच ओरडायला लागले. आधी हसत हसत. मग हसणं कमी झालं, मग थांबलं. निरूला ऐकू येत नव्हतं. म्हणजे येत होतं. त्यानं एकदम डावीकडे वळण घेतलं, गुडघा तिकडे गेला नाही, आणि तो चिखलात बसला. उठला स्वतःच. कोणाचा हात घेतला नाही. टायलर त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती रागाची नव्हती. आपलाच चेहरा दुसऱ्याच्या धडावर दिसावा तसा तो बघत होता.

निरूच्या खोलीवर जाताना गाडी मी चालवली. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. अरे गाढवा, ज्यांना शिकवतोस त्यांचं तरी ऐक. पण मी हीटर लावला, फ्रीजरमधल्या मटाराची पिशवी त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि वडे गरम केले. खाताना तो म्हणाला, "से इट, आई."

"मीठ कमी झालंय का?" मी विचारलं.

घरी परतताना मी एकटी गाडीत खूप रडले, आणि रडतानाही माझा निश्चय ढळला नाही. त्याचं त्यालाच बसता आलं पाहिजे. दुसऱ्यानं बसवलेला माणूस आयुष्यभर मैदानाकडे बघत राहतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

शेवटचा सामना मेच्या सुरुवातीला होता. बारीक पाऊस, छत्र्या, पत्र्याच्या बाकांवर टपटप. मी मधल्या पायरीवर बसले. ह्यांना पावसात बसवेना म्हणून हे खाली गाडीत जाऊन बसले, आणि तिथून वायपर चालू ठेवून बघत राहिले. सामना बरोबरीत होता आणि चौथा डाव संपत आला होता. टायलरच्या कॉलेजातल्या खेळाची ती शेवटची मिनिटं, आणि त्यापुढे त्याला कुठला संघ बोलावणार नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला तेव्हा तो क्षणभर कमरेवर हात ठेवून थांबला. निरू त्याच्याकडे बघत होता, पण ओरडला नाही. माझ्या लक्षात आलं, की हा आज बोलावणार नाही.

टायलर वळला आणि रेषेकडे पळत आला. एक पहिल्या वर्षाचा मुलगा तिथे पाय रोवून तयार होता. टायलरनं त्याच्या पाठीवर हात मारला. "खो!" मला वरपर्यंत ऐकू आलं, सांगलीत ऐकू यायचं तसं. तो मुलगा सुटला, आणि टायलर चिखलात बसला. फतकल मारून नव्हे. पायाच्या पुढच्या भागावर, एक हात जमिनीला, मान वर.

सामना आम्ही एका गोलनं हरलो. त्या पहिल्या वर्षाच्या मुलानं चेंडू मिळवला होता, मारलाही होता, तो खांबाला लागून बाहेर गेला आणि उलट त्यांचा गोल झाला. टायलर रडला नाही. त्यानं त्या मुलाला मानेला धरून हलवलं आणि काहीतरी सांगितलं. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आय टोल्ड हिम ही वॉज फ्रेश, आई. ही वॉज द राइट गाय."

पण ते नंतर. तेव्हा मी बाकावरच होते. खाली मुलं जाळ्या आणि बाटल्या गोळा करत होती. खेळविभागाच्या त्या बाई छत्री धरून निरूशी बोलत होत्या. तो मान हलवत होता, आणि एवढ्या लांबून मान कशी हलतेय ते कळत नव्हतं. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि चष्मा काढून ह्यांच्या कानटोपीनं पुसायला घेतला. काचा पुसून कोरड्या झाल्या तरी पुसत राहिले.

मग मागून आवाज आला. कट्. थोडं थांबून, कट्. बाकांच्या पायऱ्या चढून कोणीतरी वरून फिरून माझ्या मागे येत होतं. मी वळले नाही. कट्. आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबला, आणि ओला, मोठा तळवा माझ्या पाठीवर टेकला.

"खो," निरू म्हणाला.

हळू म्हणाला. मैदानात असता तर मी त्याला ओरडले असते, की खो असा देतात का. पण नियम तो नियम. मी उठले, आणि मी उठताक्षणी तो माझ्या जागेवर बसला. तोंड मी बसले होते त्याच दिशेला, उजवा पाय लांब, एक हात पत्र्याला टेकलेला, मान वर.

सांगलीनंतर मला पहिल्यांदा खो मिळाला होता. खाली गाडीत हे वायपर चालू ठेवून वाट बघत होते, आणि निरू आपण होऊन बसला, हे त्यांना सांगायला हवं होतं. कानटोपी बाकावरच राहिली. खो मिळाल्यावर मागे वळायचं नसतं. मी चिखलातून पळत सुटले.